काळी पडलेली कातडी आणि माझी सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष असलेले आपल्या रुग्णालयाचे माननीय अधिष्ठाता, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, नेत्रविभागाचे नवे प्रमुख, पुढच्या तीन रांगांत वह्या न आणता बसलेले शिकाऊ डॉक्टर, सर्व सिस्टर, वॉर्डातले कर्मचारी, या इमारतीच्या पायऱ्या चढून-उतरून माझ्यासारखेच जुने झालेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण सगळे हातातली कामं टाकून इथे जमलो आहोत त्या आपल्या डॉक्टरबाई, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी 'डॉक्टरबाईंचा एक समाधानी रुग्ण' अशी माझी ओळख करून दिली, त्याबद्दल त्यांचे आभार. त्यात थोडी भर घालतो. रुग्णालयासमोरच्या रस्त्यावर, औषधांच्या दुकानापासून तिसरं चष्म्याचं दुकान आहे, ते माझं. एकतीस वर्षं मी लोकांच्या नाकावर चष्मे बसवतो आहे. त्यामुळे अशा उंच जागी उभं केलं की मला माणसांच्या आधी फ्रेमा दिसतात. अध्यक्षमहाराज, आपल्या चष्म्याची डावी काडी सैल झाली आहे. आपण भाषणात दोनदा तो वर सरकवलात. कार्यक्रमानंतर रस्ता ओलांडून या, दोन मिनिटांचं काम आहे.

तर असा हा दुसऱ्यांच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणारा माणूस. आणि त्याच्या स्वतःच्या डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर दोन वर्षं एक दाणा वाढत होता, त्याचा त्याला पत्ता नव्हता. म्हणजे दाणा होता हे माहीत होतं. आमच्या सौभाग्यवती म्हणायच्या, "अहो, तिथल्या पापणीचे केस गळलेत, दाखवा कुणाला तरी." मी म्हणायचो, रांजणवाडी आहे, बसेल. आणि फ्रेमची खालची कड नेमकी त्या दाण्यावर यायची. आपल्याच मालाने आपलीच खोड झाकली होती.

डॉक्टरबाई एकदा दुपारी दुकानात आल्या. त्यांच्या चष्म्याचा स्क्रू पडला होता. मी मान खाली घालून स्क्रू बसवत होतो. त्या काउंटरवर वाकून माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काचवाले, तुमचा चष्मा काढा बरं."

मी काढला.

"हे किती दिवस आहे?"

"असेल वर्ष-दोन वर्षं. दुखत नाही हो."

"दुखत नाही हेच वाईट आहे," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी नऊला या. उपाशी यायची गरज नाही. पण या."

तपासणीला तुकडा पाठवला, आठ दिवसांनी कागद आला. कर्करोग. हा शब्द मी तोवर फक्त दुसऱ्यांच्या घरातला समजत होतो. डॉक्टरबाईंनी समजावलं की ही जात फार लांब पळत नाही, पण जिथे बसते तिथलं खात जाते. आधी पापणी, मग डोळ्याची खोबण. समोर मी, बाजूला आमच्या सौभाग्यवती.

मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. खालच्या पापणीचा अर्ध्याहून जास्त भाग कापावा लागणार. मग नवी पापणी बनवायची. पापणीला आतून मऊ अस्तर असतं आणि बाहेरून कातडी. अस्तर माझ्याच वरच्या पापणीतून पडद्यासारखं खाली ओढून शिवायचं, आणि बाहेरून कानामागची कातडी लावायची. सहा आठवडे डोळा मिटलेलाच राहणार, कारण वरची पापणी खालचीला रक्त पुरवत असते. मग तो पडदा मध्ये कापून डोळा उघडायचा.

मी शिंप्याच्या दुकानात बसल्यासारखा ऐकत होतो. डॉक्टरबाईंनी मात्र काही लपवलं नाही. त्या म्हणाल्या, "लावलेली कातडी जगेलच असं मी सांगणार नाही. खाली रक्त साचलं तर ती मरते. जंतू लागले तर मरते. जगली तरी पुढे आक्रसून पापणीला खाली ओढू शकते. तसं झालं तर डोळा पूर्ण मिटत नाही आणि बुबुळ कोरडं पडतं." एवढं सांगून त्यांनी विचारलं, "सिगारेट ओढता?"

"ओढतो. थोड्या."

"आज सोडायच्या. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे आणि नंतर दोन महिने एकही नाही. नव्या कातडीला केसाएवढ्या बारीक नळ्यांतून रक्त मिळतं. धुराने त्या नळ्या आवळतात. एकही नाही, कळलं?"

आमच्या सौभाग्यवतींनी तिथेच माझ्या खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, "सोडली ना?" सौभाग्यवती बाजूला उभ्या होत्या. मी म्हणालो, "त्याच दिवशी."

डॉक्टर मंडळी, नवऱ्याची परीक्षा बायकोसमोर घेतली तर तो काय उत्तर देणार?

ऑपरेशन चार तास चाललं. आता हे जे नवे विभागप्रमुख व्यासपीठावर बसले आहेत, ते तेव्हा डॉक्टरबाईंच्या हाताखाली नुकतेच शिकून तयार झाले होते. आम्ही त्यांना धाकटे डॉक्टर म्हणायचो. साहेब, राग मानू नका, तोंडात तेच बसलंय. कर्करोग मुळापासून निघाला हे सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच दोघांनी पापणी शिवायला घेतली. माझ्या डोळ्यावर घट्ट पट्टी बांधली आणि ती सहाव्या दिवशी उघडायची ठरली.

सहाव्या दिवशी सकाळी मला ड्रेसिंगच्या खोलीत नेलं. ती खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे. पांढऱ्या फरशा, स्टीलची ट्रॉली, भिंतीवर एक छोटा आरसा. मोठ्या सिस्टर ट्रॉलीजवळ होत्या. धाकटे डॉक्टर पट्टी भिजवून सोडवत होते. डॉक्टरबाई मागे उभ्या होत्या आणि माझी बायको दारात.

शेवटचा कापूस निघाला.

माणूस आंधळा नसला की त्याला दुसऱ्यांचे चेहरे वाचता येतात. माझा उजवा डोळा उघडा होता. धाकट्या डॉक्टरांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. मोठ्या सिस्टरनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. मी म्हटलं, "आरसा द्या." कुणी दिला नाही. मी उठून भिंतीकडे गेलो.

गालाच्या वर, मिटलेल्या डोळ्याखाली, एक काळा तुकडा होता. जळलेल्या पापडासारखा काळा, कडेने वर उचललेला. मला वाटलं, ती पट्टीची घाण असेल, पुसली की जाईल. मी बोट न्यायला लागलो तशी डॉक्टरबाईंनी माझं मनगट धरलं.

"ही कातडी जगली नाही, काचवाले."

दारातून आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "का? का नाही जगली?"

डॉक्टरबाईंनी काळा तुकडा एका कडेने उचलून खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "खाली थोडं रक्त साचलेलं दिसतंय. रक्त थांबवण्यात माझं कुठेतरी कमी पडलं असावं. आतलं अस्तर जिवंत आहे. आपण पुढचं पुढे बघू."

सभ्य स्त्री-पुरुषहो, मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. एखादी डॉक्टर रुग्णाच्या बायकोच्या डोळ्यांत बघून 'माझं कमी पडलं' म्हणते, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला धक्का बसायला हवा होता तो याचा. पण मला वाटली ती सुटका. कारण ती कातडी कशाने गेली असेल, याचा एक अंदाज मलाही होता.

मी सिगारेट सोडलीच नव्हती.

आता थोडी कुजबुज होणार हे मला माहीत आहे. होऊ द्या. दुकानाच्या मागे भिंगं घासायच्या यंत्राची खोली आहे, तिथे दिवसाला तीन-चार चालूच होत्या. यंत्राला पंखा आहे, धूर बाहेर जायचा. आणि ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्याच दिवसापासून, बायको जेवायला घरी गेली की, मी पट्टी बांधल्या डोळ्याने मागच्या लोखंडी जिन्यावर जायचो. वॉर्डातल्या चादरी सुकायला घालतात, त्याच्या वरचा मजला. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. काडी सिगारेटला लावायला गेलो आणि बोट भाजून घेतलं. मोठ्या सिस्टरनी विचारलं तेव्हा सांगितलं, चहा सांडला.

तर त्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीत मला एक वाक्य बोलायचं होतं. ते मी गिळलं. सिगारेट मात्र त्या सकाळपासून सुटली, आजपर्यंत. पण बोललो नाही.

पुढची हकीगत अशी. मेलेली कातडी काढली. खालची जखम आपोआप भरू लागली आणि भरताना आवळू लागली. सहा आठवड्यांनी पडदा कापून डोळा उघडला तेव्हा खालची पापणी गालाकडे ओढली गेली होती. आतला लाल भाग बाहेर दिसायचा. दुकानात आलेलं गिऱ्हाईक माझ्याशी बोलताना फ्रेमांच्या कपाटाकडे बघायचं. झोपताना डोळा अर्धा उघडा राहायचा. आमच्या सौभाग्यवती दर दोन तासांनी मलम घालायच्या. गजर लावून उठायच्या. मी घोरत असायचो, त्या डोळ्यात मलम भरत असायच्या.

आणि त्यांचा संताप वाढत होता. माझ्यावर नाही. मी त्यांच्या दृष्टीने बिचारा. संताप डॉक्टरबाईंवर. "त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय," त्या म्हणायच्या. शेवटी एका रविवारी जेवणाचं टेबल पुसून त्या कागद घेऊन बसल्या आणि रुग्णालयाला दोन पानी तक्रार लिहिली. अक्षर त्यांचं मोत्यासारखं. निष्काळजीपणा हा शब्द त्यात चार वेळा होता. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही रुग्ण आहात, सही तुमची लागेल."

मी म्हटलं, "जाऊ दे ना. झालं ते झालं."

"तुम्ही आरशात बघता का कधी? सही करा."

मी सही केली.

ते पेन हातात धरल्याची आठवण मला आजही सुखाने बसू देत नाही. पण तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू? आलं की आता तर सांगताच येणार नाही. एका खोट्याला झाकायला माणूस दुसऱ्याची अब्रू पांघरतो, आणि वर ऊब लागते म्हणतो.

समिती बसली. डॉक्टरबाई तिच्यासमोर गेल्या. रुग्णालयात दर महिन्याला डॉक्टरांची एक सभा होते, त्यात बिघडलेली ऑपरेशनं मांडतात. तिथे उभं राहून त्यांनी माझ्या पापणीचे फोटो पडद्यावर दाखवले आणि म्हणाल्या, रक्त थांबवण्यात मी कमी पडले. समितीने लिहिलं, निष्काळजीपणा आढळला नाही, तथापि अधिक दक्षता अपेक्षित होती. 'तथापि' हा फार वाईट शब्द आहे. त्या वर्षी विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती. सगळ्यांना वाटत होतं ती डॉक्टरबाईंना मिळणार. बाहेरून कुणी आले. डॉक्टरबाईंना ती चार वर्षांनी मिळाली.

तक्रार चालू असतानाच माझं बुबुळ कोरडं पडून त्यावर पांढरा ठिपका आला. डोळ्यासमोर दुधाची साय धरल्यासारखं झालं. दुकानातला अक्षरांचा तक्ता मला पाठ आहे, पण त्या डोळ्याने सर्वांत वरचं मोठं अक्षरही दिसेना. आम्ही दोघं चरकलो. आता कुठल्या तोंडाने जायचं? ज्यांच्याविरुद्ध कागद दिला त्यांच्याकडे? सौभाग्यवती म्हणाल्या, दुसरीकडे जाऊ. चौकशी केली तर हे काम करणारं दुसरं माणूस पूर्ण दिवसाच्या प्रवासावर.

त्या संध्याकाळी घरी फोन आला. डॉक्टरबाईंचा.

"काचवाले, तुमची गेल्या आठवड्यातली तपासणी चुकली. डोळा लाल आहे का?"

"आहे."

"ठिपका दिसतोय?"

"दिसतोय."

"लगेच या. कागदाचं कागदाच्या जागी. मी दारात आहे."

त्या खरोखरच दारात उभ्या होत्या. त्यांनी औषधं सुरू केली, दोन्ही पापण्यांच्या कडा तात्पुरत्या टाक्यांनी जवळ आणून बुबुळ झाकलं. ठिपका भरायला सात आठवडे लागले. मग काही महिन्यांनी, जखम मऊ पडल्यावर, दुसरं ऑपरेशन ठरलं. आवळलेली कातडी सोडवून तिथे नवी लावायची, या वेळी दुसऱ्या कानामागची. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हात धाकट्या डॉक्टरांचा असेल. मी मदतीला उभी राहीन." आणि खरंच, ज्यांनी त्यांना सुई धरायला शिकवलं त्या, आपल्याच विद्यार्थ्याच्या शेजारी तीन तास दोरे कापत उभ्या राहिल्या. मला वाटलं, तक्रारीमुळे असेल. खरं कारण मला परवा कळलं.

ती कातडी जगली. आज माझा डोळा मिटतो. वाऱ्यात पाणी येतं, रंग थोडा वेगळा दिसतो, तक्त्यावरच्या खालच्या दोन ओळी या डोळ्याने वाचता येत नाहीत. एवढंच.

ही झाली नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. इथे मला खरं तर 'देवमाणूस' वगैरे शब्द वापरून खाली बसायचं होतं. तसं भाषण मी लिहूनही ठेवलं होतं. ते या खिशात आहे, आणि खिशातच राहील.

गेल्या गुरुवारी मोठ्या सिस्टर कार्यक्रमाची पत्रिका घेऊन दुकानात आल्या. मी त्यांचा चष्मा गरम करून काड्या वाकवत होतो. त्या सहज म्हणाल्या, "आता बाई निघाल्याच. आता सांगायला हरकत नाही. तुमच्या बोटाचा डाग चहाचा नव्हता."

माझ्या हातातली फ्रेम चिमट्यातून निसटली.

"चहाने असा काळा डाग पडत नाही," सिस्टर म्हणाल्या. "आणि तुमच्या पट्टीला वास यायचा. मी तिसऱ्याच दिवशी बाईंना सांगितलं होतं."

"मग त्या समितीसमोर बोलल्या का नाहीत?"

"मी म्हटलं होतं, मी येऊन सांगते. बाई म्हणाल्या, मी त्यांना ऑपरेशनआधी विचारलं होतं, ते सोडली म्हणाले. वासाचा पुरावा होत नाही. आणि ती बायको दर दोन तासांनी त्यांच्या डोळ्यात मलम घालते आहे. आज हे बोललं आणि तिचं मन उडालं, तर डोळा जाईल."

नऊ वर्षं मी समजत होतो की माझं गुपित माझ्यापाशी आहे. ते दोन बायकांनी माझ्या डोळ्यासाठी सांभाळलं होतं.

शुक्रवारी सकाळी मी डॉक्टरबाईंच्या खोलीत गेलो. त्या पुस्तकं खोक्यांत भरत होत्या. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. यंत्राची खोली, लोखंडी जिना, सही. मला वाटलं होतं त्या हसतील, म्हणतील, जाऊ द्या, जुनं झालं. माणसाला क्षमा मागताना ती मिळणार याची खात्री असते, म्हणून तर तो मागायला जातो.

डॉक्टरबाई चिडल्या. मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही. हातातलं पुस्तक त्यांनी खोक्यात ठेवलं, परत बाहेर काढलं, टेबलावर ठेवलं.

"सिस्टरना वास आला हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पण खाली रक्तही होतं, चमचाभर का होईना. कशाने गेलं ते मला कधी कळलं नाही. तुम्हाला कल्पना आहे, ते ऑपरेशन मी मनात किती वेळा केलं असेल? प्रत्येक टाका. प्रत्येक ठिकाणी रक्त थांबलं होतं का. त्यानंतर तीन वर्षं एवढी मोठी पापणी मी एकटीने हातात घेतली नाही. हात धजायचा नाही. म्हणून तुमच्या दुसऱ्या ऑपरेशनला सुई मी त्यांच्या हातात दिली. तक्रारीला मी घाबरले नव्हते. मी माझ्या हाताला घाबरले होते."

मी म्हटलं, "माझ्यामुळेच गेली ती कातडी."

"ते मी आजही म्हणणार नाही. कदाचित तुमच्या धुराने गेली, कदाचित माझ्या रक्ताने, कदाचित दोन्हींनी. पण ते वाक्य तुम्ही सहाव्या दिवशी बोलला असतात, तर मी जे शोधत राहिले ते नेमक्या जागी शोधलं असतं. पुढच्या लोकांसाठी."

मला वाटत होतं, मी एका बाईंच्या नावाला डाग लावला. डाग तर लावलाच. पण एका निष्णात माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास मी गहाण टाकला होता, हे मला त्या खोलीत, पुस्तकांच्या खोक्यांमध्ये उभं राहून पहिल्यांदा कळलं.

मी विचारलं, "आता मी काय करू?"

"मला एकटीला सांगून काय उपयोग? रविवारी सभागृहात सांगा. पुढे शिकणारी मुलं बसणार आहेत. जसं झालं तसं सांगा, गोड करू नका."

म्हणून मी हे बोलतो आहे. डॉक्टरबाईंना मी भर सभेत अवघडून टाकलं असं कुणी समजू नका. हे त्यांचंच फर्मान आहे.

राहिल्या आमच्या सौभाग्यवती. त्या आज सभागृहात आहेत. त्यांना मी शुक्रवारीच दुपारी सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि हातातली भाजी निवडत होत्या. माझं बोलून झालं तरी निवडत राहिल्या, देठ भांड्यात आणि पानं कचऱ्यात पडायला लागली तरी. मग म्हणाल्या, "मी त्या बाईंना दारात अडवून काय काय बोलले होते, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मागे उभे होता." त्यानंतर शनिवारी सकाळपर्यंत बोलल्या नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो तर त्या बाहेर जायच्या. बत्तीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं.

शनिवारी मी समितीचा तो शेरा काढून टाकावा असं पत्र लिहायला बसलो. माझं अक्षर आपल्याला माहीत नाही, ते एक बरंच आहे. तीन कागद फाडले. सौभाग्यवती आल्या आणि पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

"तिकडे सरका. सही तुमची होती, शब्द माझे होते."

हे ते पत्र. दोन पानी. यात काय घडलं ते तारखांसकट आहे आणि खाली या वेळी दोघांच्या सह्या आहेत. अध्यक्षमहाराज, हे मी आपल्या हातात देतो. नऊ वर्षं उशीर झाला आहे आणि डॉक्टरबाई आजच निवृत्त होत आहेत, तेव्हा त्यांच्या फाइलमधलं एक वाक्य खोडून आता त्यांना काय मिळणार, असं आपण म्हणाल. मला ठाऊक नाही. पण ते वाक्य ज्या माहितीवर लिहिलं गेलं ती अपुरी होती, आणि ती मी अपुरी ठेवली होती, एवढं त्या फाइलमध्ये असावं, ही आम्हा दोघांची विनंती.

आता आभार, म्हणजे मला खाली बसता येईल. संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली होती, मी त्यांची किती खाल्ली ते विचारत नाही. मोठ्या सिस्टरांचे आभार, त्यांनी वेळेवर गप्प राहून आणि वेळेवर बोलून मला दोनदा वाचवलं. धाकट्या डॉक्टरांचे आभार, ज्यांनी लावलेली कातडी मी रोज आरशात बघतो. आमच्या सौभाग्यवतींचे आभार मानायची माझी सध्या प्राज्ञा नाही. डॉक्टरबाई, तुमचेही मी मानत नाही, कारण मला तो शब्द फार स्वस्त वाटायला लागला आहे. तुमची पुस्तकांची खोकी जड आहेत, ती उद्या मी घरी पोचवतो.

शिकाऊ डॉक्टरांना, एका चष्मेवाल्याचं एवढंच सांगणं. रुग्ण तुमच्याशी खोटं बोलणार. तो वाईट असतो म्हणून बोलतो असं नाही, बहुतेक वेळा त्याची बायको शेजारी उभी असते म्हणून बोलतो. तिला दोन मिनिटं बाहेर बसवा आणि मग पुन्हा विचारा. हसू नका. यापायी एक पापणी गेली आहे.

मी बोलणारा माणूस नाही. बोलण्याच्या ओघात मानपानात, शब्दात, वेळेत काही उणंदुणं झालं असेल तर ते आपण सर्वांनी मोठ्या मनाने पदरात घ्यावं. नऊ वर्षांपूर्वी ड्रेसिंगच्या खोलीत जे चुकलं, ते मात्र कुणी पदरात घेऊ नये. ते माझ्याच नावावर राहू द्यावं.

नमस्कार.